ओट्याखालची दुसरी बादली

सकाळी साडेसातचा सुमार असतो. कुकरची दुसरी शिट्टी व्हायची असते, कोणाचा तरी डबा भरायचा राहिलेला असतो, आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाण्याचे सूर ऐकू येऊ लागतात. त्या सुरांची आम्हां इंदूरकरांना इतकी सवय झाली आहे, की सकाळी घड्याळाकडे पाहण्याचे फारसे कारण उरलेले नाही. कचऱ्याची गाडी वळणावर आली, की दारोदारच्या गृहिणी, बनियनवर बाहेर आलेले गृहस्थ, शाळेच्या गणवेशातली मुले, सारी हातांत बादल्या घेऊन उभी राहतात. परगावाहून आलेले पाहुणे हा देखावा कौतुकाने पाहतात आणि चहा घेताना हमखास विचारतात, "तुमच्याकडे हे जमले तरी कसे?"

"लोकांना शिस्त लागली" हे उत्तर ऐकायला गोड आहे. परंतु माझ्या मते ते खरे नाही. २०१६ साली देशातील ७३ शहरांची स्वच्छतेच्या दृष्टीने पाहणी झाली, तेव्हा इंदूरचा क्रमांक पंचविसावा होता. २०१७ साली ४३४ शहरांच्या पाहणीत तेच इंदूर पहिले आले आणि पुढे वर्षानुवर्षे पहिलेच येत राहिले. एका वर्षात कोणत्याही गावाची माणसे बदलत नाहीत. सराफ्यात रात्री उभ्याउभ्या खाऊन द्रोण तिथेच टाकणारे आम्हीच होतो, आणि रिकामा द्रोण हातात धरून टोपली शोधणारेही आम्हीच आहोत. बदलले ते दुसरेच काही.

ते काय, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आमच्या सासूबाईंच्या पिढीला "पुनर्चक्रण" हा शब्द ठाऊक नव्हता. रीत मात्र पुरती ठाऊक होती. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होत. वर्तमानपत्रांची रद्दी चार महिने माळ्यावर साठे आणि दिवाळीच्या आधी तराजूत पडे. भाजीची देठे गाईपुढे जात, चहाचा चोथा अंगणातल्या गुलाबाला, चुलीची राख भांड्यांना. बोहारीण दाराशी येऊन ऐसपैस बसे. जरीचा काठ उलटसुलट करून पाही, "बाई, ही तर विरली की हो," म्हणे, आणि तासाभराच्या घासाघिशीनंतर तीन साड्या व एका कोटाच्या बदल्यात एक पातेले घरात येई. त्या पातेल्याचे झाकण मिळवण्यासाठी पुढच्या खेपेस आणखी एक साडी जाई, हा भाग निराळा!

त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. ती काटकसर पुष्कळ घरांत ओढग्रस्तीतून आलेली होती आणि तिचा भार घरातल्या बाईवरच पडत असे. पण त्या रीतीत एक मर्म होते. प्रत्येक टाकाऊ वस्तूला घेणारा ठरलेला होता. कपड्याला बोहारीण, कागदाला रद्दीवाला, बाटलीला भंगारवाला, देठांना गाय. म्हणूनच कोणी व्याख्यान न देता घराघरांत वस्तू वेगवेगळ्या ठेवल्या जात. घेणारा ठाऊक असला, की माणूस निवडून ठेवतो. घेणारा नसला, की सारे एकाच टोपलीत टाकतो.

पुढे दुधाची बाटली जाऊन पिशवी आली. तेलाची बरणी घेऊन दुकानी जाण्याचा रिवाज सुटला. शांपूपासून सुपारीपर्यंत सारे एका वेळच्या पुडीत मिळू लागले. या पुड्या गाय खाऊ नये तरी खाते, आणि भंगारवाला घेत नाही. केराच्या टोपलीत प्रथमच अशा वस्तू येऊन पडल्या, ज्यांना घेणारा कोणीच नव्हता. त्या गल्लीच्या टोकाच्या पेटीत गेल्या, पेटीभोवती गेल्या, आणि तेथून शहराबाहेरच्या ढिगावर गेल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या अहवालाप्रमाणे आपल्या देशातील शहरांतून रोज सुमारे एक लाख साठ हजार टन कचरा निघत होता. त्यांतला बराच मोठा भाग ओला, म्हणजे स्वयंपाकघरातला. हा ओला भाग कागदात व प्लास्टिकमध्ये कालवला गेला, की दोन्ही वाया जातात. आमटीत भिजलेला पुठ्ठा कागदाच्या कारखान्याला नको असतो, आणि काचा-पिशव्यांनी भरलेल्या भाजीच्या देठांचे खत कोणी शेतकरी शेतात घालत नाही. शंभर वस्तू निवडून ठेवण्याचे श्रम एका वाटीभर उरलेल्या वरणाने फुकट जाऊ शकतात.

२०१६ च्या आरंभी इंदूर महापालिकेने मोजक्या प्रभागांत घरोघर जाऊन कचरा उचलण्याचा प्रयोग केला आणि पुढे वर्षभरात तो शहराच्या सर्व ८५ प्रभागांत नेला. तेव्हा महापौर मालिनी गौड होत्या आणि आयुक्त मनीष सिंह. प्रयोगाचे वैशिष्ट्य गाडीत होते. ओल्यासाठी एक कप्पा, सुक्यासाठी दुसरा, आणि डायपर, पट्ट्या, औषधे, मोडक्या ट्यूबलाइटी यांच्यासाठी बाजूला निराळी सोय. गाडी ठरलेल्या वेळी येई. ती कोठे आहे, कोणती गल्ली चुकली, हे निगमच्या कक्षात बसून यंत्रावर दिसे. गाडीबरोबर स्वयंसेवी संस्थांची माणसे दारोदार हिंडत. आणि गाडीचा नेम बसल्यावर रस्त्यांवरच्या मोठ्या पेट्या उचलल्या गेल्या. हा क्रम महत्त्वाचा आहे. पेट्या आधी काढून गाडी मागाहून आली असती, तर गावाने बंड केले असते.

आमच्या घरी काय झाले ते सांगते. कोणी कितीही समजावले, तरी माझा विश्वास नव्हता. "पुढे जाऊन सगळे एकाच ढिगावर ओतणार, मग आम्ही कशाला हात घाण करायचे?" असे मी शेजारणीला सांगितले होते आणि तिने मान डोलावली होती. पहिल्या आठवड्यात मी सरसकट एकच बादली नेऊन पुढे केली. गाडीबरोबरच्या मुलीने आत डोकावून पाहिले आणि शांतपणे बादली परत दिली. "आंटीजी, गीले में पन्नी है. आज नहीं लेंगे."

मला भयंकर राग आला. आम्ही कर भरतो, आणि ही कालची पोर आम्हांला शिकवणार! पण गाडी पुढे गेली आणि बादली आमच्या घरीच राहिली. उन्हाळ्याचे दिवस होते. संध्याकाळपर्यंत आमच्या "हे" नी दोनदा विचारले, "वास कशाचा येतो आहे?" दुसऱ्या दिवशी ओट्याखाली दुसरी बादली आली. ती आजतागायत तिथे आहे.

त्या मुलीच्या नकाराने मला जे पटवले, ते शंभर फलकांनी पटले नसते. ती बादली परत करते, त्या अर्थी पुढे कोणाला तरी निवडलेला कचरा खरोखरीच हवा आहे, हे माझ्या ध्यानी आले. घेणारा आहे! बोहारीणही विरलेली साडी अशीच परत करीत असे.

याच्या अगदी उलट हकीकत माझ्या एका मावसबहिणीची आहे. ती ज्या शहरात राहते त्याचे नाव सांगत नाही. वाचकांपैकी अनेकांना ते आपलेच शहर वाटेल. तिच्याकडे हिरवी व निळी अशा दोन बादल्या वाटल्या गेल्या, पत्रके आली, प्रभातफेरी निघाली. तिने तीन महिने नेमाने वेगळे केले. मग एके सकाळी ती गच्चीवर कपडे वाळत घालीत असताना तिने पाहिले, की खाली उभ्या असलेल्या गाडीत दोन्ही बादल्या एकाच हौद्यात रित्या होत आहेत. त्या दिवसापासून निळ्या बादलीत ती कपड्यांचे चिमटे ठेवू लागली. तिला बेशिस्त म्हणणे मला साधत नाही. करार एका बाजूने मोडला गेला होता.

हा करार आहे, हे शब्द मी जाणून वापरते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच वेगळे करण्याचे कर्तव्य नागरिकावर टाकले. त्याच नियमांनी ते वेगळे उचलून वेगळे नेण्याचे कर्तव्य नगरपालिकेवर टाकले. पहिल्या अर्ध्याचे फलक सर्वत्र दिसतात. दुसऱ्या अर्ध्याविषयी कोणी बोलत नाही.

इंदुरात दुसरा अर्धा कसा पाळला गेला, हे पाहायचे तर देवगुराडियाला जावे. शिवमंदिराच्या त्या टेकडीजवळ शहराचा कचरा वर्षानुवर्षे साठत होता. सुमारे तेरा लाख टनांचा तो डोंगर २०१८ च्या अखेरीपर्यंत उपसला गेला. उपसला म्हणजे दुसरीकडे नेऊन टाकला असे नव्हे. ढीग सैल करून, वाळवून, फिरत्या चाळण्यांतून गाळला गेला. माती निराळी निघाली, दगड-विटा भरावासाठी निराळ्या, आणि चिंध्या-प्लास्टिकसारखा जळाऊ भाग सिमेंटच्या भट्ट्यांकडे गेला. आपण एका टोपलीत टाकलेले वेगळे करण्यासाठी पुढे केवढी यंत्रे लावावी लागतात, याचा हा धडाच होता.

आपल्या ओल्या बादलीचा प्रवास त्याच जागी संपतो. आधी चोइथराम मंडीत भाजीबाजाराच्या कचऱ्यापासून वायू करणारा लहानसा, रोजच्या वीस टनांचा प्रकल्प उभा राहिला. त्यानंतर १९ फेब्रुवारी २०२२ रोजी देवगुराडियाला रोज ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेच्या बायो-सीएनजी प्रकल्पाचे उद्घाटन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. कचऱ्याचा लगदा मोठ्या बंद टाक्यांत हवेवाचून कुजतो, त्यातून निघालेला वायू शुद्ध करून दाबाने भरला जातो, आणि उरते ते खत. रोज सतरा हजार किलो वायू आणि शंभर टन खत अशी त्याची योजना होती. दीडशे कोटी रुपयांचे भांडवल खासगी कंपनीने घातले. महापालिकेने निदान निम्मा वायू विकत घेऊन शहराच्या बसगाड्या चालवण्याचे कबूल केले. आता विचार करा, एवढे पैसे कोणी कशाच्या भरवशावर घातले? टाक्यांच्या नळ्यांत पिशव्या आणि खडे अडकले, तर सारे यंत्र ठप्प व्हायचे. तेव्हा या दीडशे कोटींना आधार होता तो शहरातील लाखो ओट्यांखालच्या दोन बादल्यांचा. भाजी चिरून झाल्यावर विळीखालचा कागद आपण कोणत्या बादलीत टाकतो, यावर बस चालते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

सुक्या बादलीची गोष्ट अधिक किचकट आहे, आणि खरे पुनर्चक्रण तिथेच घडते किंवा बिघडते. सुका कचरा निवड-केंद्रावर जातो. तेथे पट्ट्यावरून सरकणाऱ्या ढिगातून माणसे हातांनी आणि काही ठिकाणी यंत्रांनी प्रकार वेगळे करतात: पाण्याच्या पारदर्शक बाटल्या, जाड डबे, पातळ पिशव्या, पुठ्ठा, काच, पत्रा. पारदर्शक बाटलीचे तुकडे होऊन त्यांचा धागा निघतो आणि त्याचे कापड होते. काच कितीही वेळा वितळवली तरी काचच राहते. ॲल्युमिनियम खनिजापासून करण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे वीसाव्या हिश्शात जुने वितळवून नवे होते. कागदाचे तंतू मात्र दर खेपेस आखूड होत जातात. आणि वेफर्सची ती चकचकीत पुडी? तिच्यात प्लास्टिक व धातूचे थर एकमेकांना असे चिकटलेले असतात, की ते सोडवणे परवडत नाही. ती बहुतेक वेळा सिमेंटच्या भट्टीतच जाते. तिला "पुनर्चक्रण" म्हणून मिरवू नये. तिच्यावरचा खरा उपाय दुकानात आहे, बादलीत नाही.

घरात करायचे ते मात्र फार थोडे. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये. तो इवलासा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही. पिशवी, दह्याचा डबा, लोणच्याची बरणी भांडी घासतानाच्या पाण्यात एकदा खळबळून उपडी ठेवावी. पाती, सुया, फुटक्या बांगड्या पुठ्ठ्यात गुंडाळून वर खूण करावी. निर्माल्यातला दोरा आणि जरीचा हार काढून मगच फुले ओल्यात टाकावीत. तेलकट कागदाला कागद समजू नये. २०२२ पर्यंत इंदुरात कचऱ्याचे सहा प्रकार वेगळे मागितले जाऊ लागले: ओला, सुका, प्लास्टिक, विजेच्या उपकरणांचा, सॅनिटरी आणि घातक. पहिल्या दोन बादल्या आमच्या घरात सहज रुळल्या. सहांचे म्हणाल, तर खोटे कशाला सांगू? जुने सेल आणि मोबाइलचे चार्जर आमच्याकडे अजून एका बिस्किटाच्या डब्यात साठतात आणि आठवण झाली की गाडीला जातात.

सारे काही गाडी आणि यंत्रानेच होते असे मात्र नाही. पुण्यात ज्यांची मुले-भावंडे असतील, त्यांनी तिथली रीत पाहिली असेल. कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायांची "कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत" ही संघटना १९९३ साली उभी राहिली. त्यातून "स्वच्छ" ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली पुणे महापालिकेने तिच्याशी करार केला. ज्या बाया उकिरड्यावर वाकून वेचत, त्याच दारी येऊन वेगळा केलेला कचरा घेऊ लागल्या. घरमालक त्यांना ठरलेले मासिक शुल्क देऊ लागले, आणि सुक्या मालाच्या विक्रीचे पैसे त्यांचेच राहिले. येथे घेणारीला निवडलेल्या कचऱ्यात स्वतःचा फायदा आहे. म्हणून ती डोळ्यांत तेल घालून पाहते. वापरलेले सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, ही मोहीम याच बायांसाठी निघाली. ठिपका दिसला, की पुडी उघडली जात नाही. एवढ्याशा ठिपक्यासाठी मोहीम काढावी लागावी, हे वाचताना मला माझीच लाज वाटली होती. आपल्या बादलीत पुढे कोणाचा तरी हात जातो, हे मी कधी मनात आणलेच नव्हते.

इंदुरातही कचरा वेचून पोट भरणाऱ्या काही जणांना सुक्या कचऱ्याच्या केंद्रांवर काम मिळाले. जेथे तसे होत नाही आणि सारा कचरा एका ठेकेदाराच्या गाडीत जातो, तेथे ही माणसे मुकाट्याने उपाशी पडतात, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. ठेक्याची आणखी एक मेख आहे. जितके टन वाहून नेले तितके पैसे, असा करार असेल, तर ठेकेदाराला वजन हवे असते. वजन ओल्या-सुक्याच्या काल्यात अधिक, आणि वेळ कमी. त्याने निवड का करावी? तेव्हा नगरसेवक मते मागायला आले, की रस्ता आणि नळाबरोबर हेही विचारावे: ठेकेदाराला पैसे कशाचे मिळतात? गाडीत कप्पे किती आहेत? सुका माल शेवटी जातो कोठे, आणि आम्हांला तो पाहायला येता येईल का? गोव्यात साळगावला २०१६ साली कचऱ्यापासून वायू आणि वीज करण्याचा प्रकल्प सुरू झाला. आपला कचरा कोठे जातो, हे एकदा डोळ्यांनी पाहून आलेला माणूस घरी येऊन बादली निराळ्या नजरेने पाहतो, असा माझा अनुभव आहे. देवगुराडियाहून परतल्यावर आमच्या "हे" नी चहाची गाळणी स्वतः ओल्या बादलीत झाडली. लग्नाला बेचाळीस वर्षे झाली. त्यात हे प्रथमच घडले.

इंदूरच्या यशाने हुरळून जाण्याचे मात्र कारण नाही. रंगपंचमीच्या गेरनंतर राजवाड्याचा रस्ता काही वेळात लखलखीत होतो, तो शेकडो सफाई कामगारांच्या पाठी वाकल्यामुळे. आमच्या शिस्तीमुळे नव्हे. आणि आमच्याच गल्लीत गाडी चुकली, तर दुपारी कोपऱ्यावर पिशवी ठेवून जाणारे दोघे-तिघे अजून आहेत. त्यांना मी ओळखते. त्यांतील एक सत्यनारायणाला आमच्याकडे येतात.

मावसबहिणीचे सांगायचे राहिले. मागच्या दिवाळीत ती आमच्याकडे आठ दिवस होती. रोज सकाळी माझ्याआधी दाराशी जाऊन उभी राहायची आणि गाडीच्या कप्प्यांत वाकून पाहायची. परत गेल्यावर तिने तिच्या भजनी मंडळातल्या अकरा जणींना घेऊन प्रभागाच्या कार्यालयात अर्ज दिला. नव्या गाडीला पैसे नाहीत, असे उत्तर आले. पुन्हा गेल्या. तिसऱ्या खेपेस तिथल्याच एका मुकादमाने सुचवले, की जुन्याच हौद्यात मधोमध लोखंडी पत्रा बसवता येईल. तो बसायला आणखी दोन महिने गेले. आता त्यांच्या गल्लीत येणाऱ्या त्या एका गाडीला दोन कप्पे आहेत. शेजारच्या प्रभागाला अजून नाहीत. बाराजणींनी आळीपाळीने गच्चीवरून नजर ठेवायची, असे ठरले आहे.

परवा तिचा फोन आला होता. चिमट्यांना दुसरी टोपली घेतली म्हणाली, आणि विचारत होती, नारळाची शेंडी ओल्यात टाकायची की सुक्यात?